आट साकु, ऊटक्क बर्री

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजात 'मोबाईल गेमचे दुष्परिणाम' या विषयावर निबंध स्पर्धा घ्यायचं ठरलं आणि परीक्षक म्हणून एकमताने माझं नाव पुढे आलं. मी इतिहास शिकवतो, चष्मा लावतो, फारसा हसत नाही. परीक्षकाला एवढं पुरतं. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण असं होतं की आदल्या रात्री दीड वाजेपर्यंत मी स्वतःच गेम खेळत बसलो होतो. वय वर्षे सेहेचाळीस, एम. ए., दहावीतल्या मुलीचा बाप.

निबंध तपासले. पन्नासेक होते आणि सगळ्यांत तेच. डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, मैदानं ओस पडली. एकाही पोरानं असं लिहिलं नव्हतं, की अमुक गेम चांगला आणि तमुक अगदीच टुकार. सिनेमाबद्दल आपण असं कधी बोलतो का? 'सिनेमाचे दुष्परिणाम' म्हणून सगळे सिनेमे एका पोत्यात भरतो का? तेव्हा वाचकहो, जो निबंध मला वाचायला मिळाला नाही तो मीच लिहायचं ठरवलं. पस्तीस वर्षं खेळलेल्या माणसाची ही मतं आहेत. पटली नाहीत तर सोडून द्या.

सुरुवात अर्थातच कोप्पीकर रोडवर. नाव आपल्या आडनावांसारखं 'कर'मध्ये संपणारं, पाट्या कानडी, आणि दुकानदार गिऱ्हाईक बघून तीन भाषांत भाव सांगणारे, असा हा आमच्या हुबळीचा मुख्य बाजाररस्ता. १९९१ साली तिथल्या एका बोळात जिन्याखाली एक खोली होती. चार टीव्ही, त्यांना जोडलेले चार डबे आणि दारात अलार्मचं घड्याळ घेऊन बसलेला मालक. दोन रुपयांत दहा मिनिटं. घड्याळ वाजलं की हातातलं रिमोट, म्हणजे खेळायची ती दोन बटनांची पट्टी, खाली ठेवायची. मग तुम्ही राक्षसाच्या तोंडात असा नाहीतर राजकन्येच्या दारात. मी बारा वर्षांचा होतो, दादा सोळाचा. पैसे त्याचे, हट्ट माझा.

पहिला गेम मारिओ. १९८५ सालचा, जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा. शिगेरू मियामोतो या माणसाची करामत. आज मास्तर म्हणून मला त्या गेमचा हेवा वाटतो. पहिल्याच पडद्यावर एक तपकिरी प्राणी तुमच्याकडे चालत येतो. आपटलात की मेलात, पुन्हा सुरुवात. दुसऱ्या वेळी आपोआप उडी मारता, आणि उडी मारताना डोक्यावरची वीट लागते, तिच्यातून काहीतरी बाहेर पडतं. सूचना नाही, पाटी नाही, प्रस्तावना नाही. अर्ध्या मिनिटात पोर सगळं शिकतं. मी अठरा वर्षं मराठ्यांचा इतिहास शिकवतोय, अर्ध्या मिनिटात मला हजेरीसुद्धा संपवता येत नाही. एकच तक्रार आहे. किल्ल्यामागून किल्ला जिंकत जायचं आणि प्रत्येक वेळी तिथला माणूस सांगतो, राजकन्या इथे नाही, दुसऱ्या किल्ल्यात आहे. असं सात वेळा. तालूक कचेरीत उताऱ्यासाठी हेलपाटे घातलेल्याला हे नवीन नाही.

दुसरा 'डक हंट'. बंदुकीने बदकं मारायची. नेम चुकला की गवतातून कुत्रा वर येतो आणि तोंडावर हात धरून हसतो. त्या कुत्र्याला गोळी घालता येत नाही, हा माझ्या मते खेळाच्या इतिहासातला मोठा अन्याय आहे. बंदूक मात्र हुशारीची होती. आम्हाला वाटायचं तिच्यातून काहीतरी किरण निघतो. खरं उलटंच होतं. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा, आणि तो उजेड नळीतून आत आला तर नेम बरोबर. म्हणजे बंदूक मारत नव्हती, बघत होती. हे सगळं जुन्या काचेच्या पडद्याच्या टीव्हीच्या वेळेवर बेतलेलं होतं, म्हणून आजच्या सपाट टीव्हीवर ती जुनी बंदूक चालत नाही.

१९९३ च्या दसऱ्याला बाबांना रेल्वे वर्कशॉपचा बोनस मिळाला आणि घरी डबा आला. निन्टेन्डोची नक्कल, पण आम्हाला काय त्याचं! सोबत एक कॅसेट. आपल्याकडे सगळे कॅसेटच म्हणायचे, आतमध्ये फीत नसली तरी. चालली नाही की काढून फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नाही, उलट तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात, काढून परत बसवल्यानेच ती चालते, हे पुढे वाचलं. वाचून वाईट वाटलं. आमच्या घरी फुंकर मारायचा मान दादाचा होता.

त्या कॅसेटमध्ये 'टँक' होता. खरं नाव 'बॅटल सिटी', १९८५ चा, पण हे नाव घेऊन मागितला असता तर दुकानदारानं हाकलून दिलं असतं. पडद्याच्या तळाशी विटांच्या कोंडाळ्यात एक गरुड, वरून येणारे शत्रूचे रणगाडे, आणि गरुड वाचवायला आपण दोघं. त्या कोंडाळ्याला आम्ही 'घर' म्हणायचो. गंमत अशी, की तिथल्या विटा आपल्याही गोळीने फुटतात. घाईघाईत आपण आपल्याच गरुडाला उडवू शकतो आणि खेळ तिथेच संपतो. जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, थोडा वेळ जागच्या जागी गोठतो. 'घर बघ, घर!' असं दादा ओरडायचा आणि मी पुढे जाऊन पराक्रम करत असायचो. चित्रं फालतू, आवाज डोकं उठवणारा, पण दोघांनी मिळून खेळायचा याच्याइतका सरळ गेम पुढे कोट्यवधी रुपये घालूनही फार थोड्यांना जमला. हे माझं ठाम मत आहे.

आणि 'कॉन्ट्रा'. याबद्दल मला निःपक्षपाती राहता येणार नाही. दोन उघडेबंब जवान, एक निळ्या विजारीतला, एक लाल. निळा दादा, लाल मी. प्रत्येकाला तीन जीव आणि एक गोळी लागली की एक जीव खलास. कोनामी कंपनीचा हा गेम इतका अवघड आहे, की एक गुप्त किल्ली नसती तर आमच्या पिढीतल्या फारच थोड्यांनी त्याचा शेवट बघितला असता. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, दोघं असाल तर सिलेक्ट, मग स्टार्ट. तीस जीव मिळायचे. मला आजही कॉलेजचा फोन नंबर आठवत नाही, हे आठवतं. ही किल्ली काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाने आधी 'ग्रेडियस' या दुसऱ्याच गेमसाठी केली होती. तपासण्यासाठी खेळायला बसला, आणि गेम त्याला स्वतःलाच झेपेना! तो २०२० साली वारला. बातमी वाचून मी दादाला मेसेज लिहिला होता. पाठवला नाही. त्याचं कारण पुढे येईल.

कॉन्ट्राचा तिसरा टप्पा धबधब्याचा. पहिल्या टप्प्यात आडवं पळायचं असतं, इथे उड्या मारत वर चढायचं. वर जाणारा जसा चढेल तसा पडदा वर सरकतो, आणि जो मागे राहिला त्याच्या पायाखालचा दगड पडद्याबाहेर जातो. दगड गेला की तो मेला. शत्रूची गोळी लागत नाही, कोणाची चूक नसते, जोडीदार फक्त भराभर वर गेलेला असतो. मी फार मरायचो तिथे. मग दादानं पद्धत बसवली. एक दगड चढायचा आणि थांबायचं. वरून गोळ्या येत असायच्या, तो जागच्या जागी उड्या मारत चुकवायचा आणि म्हणायचा, 'चल की, चढ की लवकर!' मी पोचलो की पुढचा दगड. पंख्यासारख्या गोळ्या सुटणारी 'एस'ची बंदूक आली की 'तू घे' म्हणायचा. तेव्हा मला वाटायचं, त्याला ती आवडत नसावी.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अव्वाची हाक यायची, 'आट साकु, ऊटक्क बर्री!' अव्वा धारवाडकडची, कानडी. बाबांशी मराठी बोलायची, आमच्याशी कानडी, देवाशी दोन्ही. आम्हाला झोपवताना 'आटपाट नगर होतं' अशी मराठी गोष्ट सुरू करायची आणि तिच्या हिशेबी त्या नगरात फक्त आट आणि पाठ, म्हणजे खेळ आणि अभ्यास, एवढंच चालायचं. कितीतरी वर्षं माझीही तीच समजूत होती.

खेळाला सगळ्यात मोठा विरोध तिचा होता आणि घरातली सगळ्यात तरबेज खेळाडूही पुढे तीच निघाली. दादानं कोप्पीकर रोडच्या फूटपाथवरून ब्रिक गेम आणला होता, हातात मावणारा, पेन्सिल सेलवर चालणारा. त्यातले विटा रचायचे गेम म्हणजे 'टेट्रिस'ची भावंडं. टेट्रिस १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव्ह या सरकारी संशोधकाने केला. चार चौकोनांचे सात आकार, दुसरं काही नाही. जगभर विकला गेला आणि त्याला स्वतःला मानधन मिळू लागलं ते १९९६ नंतर. अव्वाला यातलं काही माहीत नव्हतं. दुपारी बाबा ड्युटीवर, आम्ही शाळेत, आणि ती भिंतीला टेकून विटा रचत बसलेली. लांब काठीला ती 'कोलु' म्हणायची. 'कोलु बरवल्दु,' कोलु येत नाही, अशी तक्रार शेजारणीकडेसुद्धा करायची. गावाला जाताना ट्रंक भरणं, फडताळात डबे लावणं हे ज्या बाईनं जन्मभर केलं तिला टेट्रिस कोणी शिकवायची गरज नव्हती. माझ्या मते आजवरचा सर्वोत्तम गेम हाच. यात गोष्ट नाही, भाषा नाही, म्हणून भाषांतर नाही. जिंकणं जवळजवळ नाहीच. अमेरिकेतल्या तेरा वर्षांच्या एका मुलाने डिसेंबर २०२३ मध्ये निन्टेन्डोवरचा टेट्रिस इतका पुढे नेला की गेमच गोठून बंद पडला. अव्वा असती तर म्हणाली असती, त्याच्या आईनं जेवायला नाही का बोलावलं?

कॉलेजात असताना कॉम्प्युटर क्लासमध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया' भेटला. शिकवणी डॉसची, आम्ही पडद्यावर तळघरातून पळतोय. तासाभरात राजकन्येपर्यंत पोचायचं. त्या राजपुत्राचं पळणं, लटकणं, उडी चुकल्यावर पडणं इतकं खरं होतं की पोटात गोळा यायचा. कारण ते खरंच होतं. जॉर्डन मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक चित्र गिरवून काढलं. संगीत वडिलांचं. घरचं कार्यच म्हणा ना! त्यात एका ठिकाणी आपलीच सावली तलवार घेऊन समोर येते. तिच्यावर वार केला की आपल्यालाच लागतो. आठवडाभर मी सावलीशी लढून मरत होतो. सुटीत दादा आला, त्यानं माझ्या खांद्यावरून बघितलं आणि सांगितलं, तलवार म्यान कर. केली. सावली माझ्यात मिसळून गेली. गेममध्ये मी इतका थक्क दुसऱ्या कशाने झालो नाही.

१९९८ मध्ये दादा नोकरीला पुण्याला गेला तो तिथलाच झाला. त्यानंतर मी बहुतेक गेम एकट्यानेच खेळलो. नोकियावरचा साप सगळ्यांनीच खेळला आहे. बसस्टँडवर वेळ घालवायला छान, त्यापलीकडे काही नाही. 'एज ऑफ एम्पायर्स'बद्दल इतिहासाचा मास्तर म्हणून बोलायला हवं. १९९९ च्या दुसऱ्या भागात जगभरची राज्यं होती आणि हिंदुस्थान नव्हताच. आपल्याकडचे लोक त्यात यायला २०१३ उजाडलं आणि द्रविड, बंगाली, गुर्जर असे वेगवेगळे यायला २०२२. बदामीपासून शंभरेक किलोमीटरवर राहणाऱ्याला हे टोचतं. पण एका गोष्टीसाठी सगळं माफ. त्यात लढाई जिंकतो तो गावकरी. लाकूड तोडणारा, शेत कसणारा. धान्य संपलं की तुमचे घोडेस्वार शोभेचे. हे वर्गात सांगून पटत नाही, गेममध्ये एका संध्याकाळी पटतं.

'व्हाइस सिटी'त माणसं चिरडत गाडी हाणायची. मी खेळलो, आवडला, आणि आवडल्याची लाज वाटली. कामगिऱ्या सोडून मी समुद्राकाठच्या रस्त्यावर नुसती गाडी चालवत रेडिओ ऐकायचो, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल.

'क्रिकेट ०७' ची गोष्ट वेगळी. नोव्हेंबर २००६ मध्ये आला. रिची बेनॉ आणि मार्क निकोलस यांचं समालोचन. खरी नावं फक्त इंग्लंड-ऑस्ट्रेलियाची, कारण हक्क तेवढेच घेतलेले. आपल्या खेळाडूंची नावं मोडतोड करून घातलेली. फलंदाजी मस्त, गोलंदाजी इतकी कंटाळवाणी की पोरं दोन षटकांत डाव घोषित करून पुन्हा फलंदाजीला यायचा मार्ग शोधत. मी तेव्हा नुकताच लागलो होतो, तासिका तत्त्वावर. एका शनिवारी कोप्पीकर रोडमागच्या सायबर कॅफेत शेवटच्या षटकात चौदा धावा हव्या असताना मागून आवाज आला, 'सर, ऑफला मारा, तिकडं फील्डर नाही.' बी. ए. दुसऱ्या वर्षाची तीन पोरं उभी होती. मी ऑफला मारलं. चौकार गेला. सोमवारी वर्गात त्यांनी ब्र काढला नाही आणि वर्षभर माझा एकही तास चुकवला नाही.

पब्जीवर मी फार शिव्या ऐकल्यात, काही स्वतःही दिल्यात. पण प्रामाणिक मत विचाराल तर गेम उत्तम आहे. शंभर माणसं विमानातून बेटावर उतरतात, मोकळी जागा हळूहळू आकसत जाते, शेवटी एकजण किंवा एकच गट उरतो. पहिल्या दहा मिनिटांतली ती शांतता, दाराआड कोणाचं पाऊल वाजतंय का हे ऐकत बसणं, ते मोठ्या तोलाचं आहे. ज्याने तो केला त्या ब्रेन्डन ग्रीनने एरांगेल या बेटाच्या नावात आपल्या लेकीचं नाव गुंफलंय, हे कळल्यावर मी जरा मऊ झालो. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं त्यावर बंदी घातली, पुढे नाव बदलून तो परत आला, मधे पुन्हा बंद झाला, २०२३ मध्ये पुन्हा सुरू. माझी तक्रार बंदुकीबद्दल नाही. या गेमला शेवट नाही, ही तक्रार आहे. कॉन्ट्रा संपायचा. संपल्यावर आम्ही जेवायला जायचो.

आणि पैसे लावून खेळायची ती ऑनलाइन रमी. तिला मी गेमच मानत नाही. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षकाने सोसायटीचं कर्ज काढून तिच्यात घातलं. बायकोचं मंगळसूत्र गहाण पडल्यावर घरी कळलं. कर्नाटकाने २०२१ मध्ये बंदीचा कायदा केला, तो २०२२ मध्ये हायकोर्टात टिकला नाही. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने देशभरासाठी पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्या शिक्षकाचे हप्ते अजून चालू आहेत.

आपल्या मातीतलं काही? 'राजी' हा पुण्यात तयार झालेला गेम, २०२० चा. हरवलेल्या भावाला शोधत निघालेली मुलगी. महाल, जाळ्या, गवाक्षं बघत राहावीत अशी. मारामारी बेताची आणि शेवट असा तुटक की वीज गेली की काय वाटावं. तरी खेळाच. पुण्याचं काही आवडलं हे कबूल करायला त्या दिवसांत मला जड जात होतं.

आता ते कारण. बाबा २०१६ मध्ये गेले. जुन्या हुबळीतल्या घरात अव्वा एकटी. मी तोवर विद्यानगरात फ्लॅट घेतला होता. २०१८ च्या दिवाळीत दादा म्हणाला, घर विकू, अव्वाला पुण्याला नेतो. मी म्हटलं, तिला तिथे कानडी बोलायला कोण आहे? घर विकायचं नाही. तो म्हणाला, 'तू राहतोस का तिथं? आठवड्यातून दोनदा डबा घेऊन जातोस, त्याला सांभाळणं म्हणतोस?' मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. त्यानंतर आमचं बोलणं बायकांमार्फत. अव्वा फेब्रुवारी २०२२ मध्ये गेली, तेव्हा दहा दिवस एका छपराखाली राहिलो आणि 'पाट सरकव' यापलीकडे बोललो नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात लेकीनं मला 'वेन्बा' दाखवला. टोरांटोतल्या लोकांनी केलेला, २०२३ चा. कॅनडात गेलेलं एक तमिळ कुटुंब, आईपाशी तिच्या आईची रेसिपीची वही, पानं फाटलेली, शाई फुटलेली. इडलीपात्राच्या ताटल्या कशा रचायच्या, काय आधी घालायचं, हीच कोडी. गोळीबार नाही, जीव जात नाहीत. मुलगा मोठा होतो तसा घरची भाषा टाळतो. पुढे आपल्याला तो मुलगा होऊन आईची वही वाचायची असते, आणि ती त्याला नीट वाचता येत नाही. दीड-दोन तासांचा गेम. पैशांच्या हिशेबाने महाग, लेकही तेच म्हणाली. मी मात्र मधेच थांबवून बाल्कनीत गेलो. अव्वाचीही वही होती. रेल्वेच्या जुन्या डायरीत, कानडीत. दादानं दिवसकार्यानंतर वहिनीकरवी ती मागितली होती आणि मी 'सापडत नाही' म्हणून सांगितलं होतं. कपाटातच होती.

घर शेवटी गेल्या जानेवारीत विकलं. नुसतं बंद राहून गळायला लागलं होतं. सह्या झाल्या, बाहेर आलो, दादाची गाडी रात्रीची. वेळ काढायचा म्हणून न ठरवता कोप्पीकर रोडला गेलो. जिन्याखालच्या खोलीत मोबाईलची कव्हरं विकतात. तिथेच टांगलेली होती एक गेम स्टिक, टीव्हीला मागून लावायची, आत हजारो जुने गेम, दोन रिमोट. दादानं दुकानदाराशी कानडीत घासाघीस केली. पंचवीस वर्षं पुण्यात राहून त्याची कानडी गंजली आहे. दुकानदारानं हसून पन्नास रुपये कमी केले.

घरी लेकीनं जोडून दिलं. दोघांनी रिमोट हातात घेतले. वर वर, खाली खाली त्यानेच दाबलं, न बघता. धबधब्यावर आलो. तो आता पन्नाशीचा, डोळ्याला दोन नंबरांचा चष्मा, उड्या चुकत होत्या. मी एक दगड चढलो आणि थांबलो. वरून गोळ्या. 'चल की,' म्हटलं. तो पडला. पुन्हा आला. तीस जीवांतले अकरा त्यानं त्या एका धबधब्यात घालवले, आणि लेक म्हणाली, 'दोड्डप्पा, तुम्ही खरंच चॅम्पियन होता?' आतून बायकोची हाक आली, 'साकु री, ऊटक्क बर्री!' दोघंही एकदम उठलो.

जेवताना मी वही आणून त्याच्यापुढे ठेवली. कुठे सापडली, असं त्यानं विचारलं नाही. मूळ वही द्यायचा धीर मला झाला नाही, हेही खरं. खाली कोपऱ्यावर जाऊन झेरॉक्स काढून आणली, चौऱ्याण्णव पानं, आणि ती त्याच्या बॅगेत घातली.

होळीच्या आदल्या रात्री फोन आला. चुकून लागला असेल असं वाटलं. दादा होता, पुण्याच्या स्वयंपाकघरातून, मागे कुकरची शिट्टी.

'अरे, अव्वाचं पुरण. इथं लिहिलंय, हूरण हदक्क बंद म्याल. हद्दीपर्यंत म्हणजे कुठवर आटवायचं?'

'हद्द नाही रे, हद. हद म्हणजे... जसं पाहिजे तसं झालं की.'

'ते कसं कळणार?'

मी म्हटलं, 'पातेल्यात उलथनं उभं करून बघ. पडतंय का सांग.'

फोन चालू ठेवून तो बघायला गेला.